पंप पाणी ओढत नाही!

फ्लुइड मेकॅनिक्समधलं एनपीएसएच नावाचं प्रकरण आपण व्हायवापुरतं पाठ करतो आणि विसरतो. पण ज्यांच्या घरी उथळ विहीर आणि तिच्यावर मोनोब्लॉक पंप आहे, त्यांची याच प्रकरणात दर उन्हाळ्यात परीक्षा होते. आमचं घर शहाडला, विहीर तीस फूट. गेल्या मे महिन्यात मोटर नीट फिरतेय, पण गच्चीवरच्या टाकीत थेंब नाही, अशी गत झाली. पंपवाल्याने लांबूनच निदान केलं, "मोटर कमजोर झाली, रिवाइंडिंग करा." खर्च ऐकून वडील गप्प बसले. आजी बादली-दोरी घेऊन काठावर गेली. तेव्हा मी आणि काकांनी आधी तपासायचं ठरवलं.

प्रथम थोडी थिअरी. पंप पाणी ओढत नाही. तो सक्शन पाइपातला दाब फक्त कमी करतो. पाणी वर ढकलते ती विहिरीतल्या पाण्यावर दाब देणारी बाहेरची हवा. टॉरिसेलीने १६४३ साली पाऱ्यावर दाखवलेला ७६ सेंटिमीटरचा स्तंभ पाण्यात मोजला की १०.३३ मीटर होतो. त्यापलीकडे कितीही अश्वशक्ती लावा, पाणी चढणार नाही. प्रत्यक्षात तेवढेही मिळत नाहीत. उन्हाळ्यातल्या पाण्याच्या बाष्पदाबाचा सुमारे अर्धा मीटर, पाइप आणि फूटव्हॉल्व्हच्या घर्षणाचा पाऊण-एक मीटर, पंपाला स्वतःला लागणारे दोनेक मीटर वजा केले की हातात उरतात सुमारे सात मीटर. (महाबळेश्वरला हवेचा दाबच पावणेनऊ मीटर पाण्याइतका, तिथे हिशोब आणखी तंग!)

आता तपासणी. क्रम महत्त्वाचा, कारण फुकटातल्या गोष्टी आधी.

१) पाणी मोजा. दोरीला दगड बांधून सोडला. पंपाच्या मध्यापासून पाणी २२ फुटांवर, म्हणजे ६.७ मीटर. पावसाळ्यात हेच अंतर ८ फूट असतं. म्हणजे मे महिन्यात आम्ही अगदी काठावर होतो, पण मर्यादेच्या आतच. फूटव्हॉल्व्हही पाण्यात बुडालेला होता.

२) मोटरचा करंट बघा. ओळखीच्या वायरमनकडून क्लॅम्प मीटर आणला. आकडा मोटरच्या पाटीवरच्यापेक्षा बराच कमी! सेंट्रिफ्युगल पंपात पाणी नसलं की मोटरवर भारच येत नाही. मोटर नुसती गुणगुणत असती आणि फिरत नसती, तर कपॅसिटर किंवा अडकलेला इम्पेलर, असा संशय घेता आला असता. इथे मोटर निर्दोष सुटली.

३) फूटव्हॉल्व्ह. पंप बंद ठेवून प्रायमिंगच्या तोंडातून पाणी भरलं आणि अर्धा तास वाट पाहिली. पातळी खाली गेली असती तर व्हॉल्व्हमध्ये कचरा किंवा सक्शन पाइपला गळती. पातळी हलली नाही.

४) हवा कुठून शिरते? खरी मेख इथेच. सक्शनची गळती चालू पंपात दिसत नाही, कारण तिथून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून तिला उलटं पकडायचं. काका गच्चीवरून डिलिव्हरीच्या पाइपात बादलीने पाणी ओतत राहिले, मी खाली प्रायमिंगच्या तोंडातून हवा जाऊ दिली आणि मग ते बंद केलं. वीस फुटांचा स्तंभ उभा राहताच पंपाजवळच्या युनियनमधून टपटप सुरू झाली. चोर सापडला!

मग पावसाळ्यात हाच पंप कसा चालायचा? पाणी ८ फुटांवर असताना पंपाच्या तोंडाशी दाब फारसा कमी नसतो. हवा कमी शिरते आणि शिरलेली फारशी फुगत नाही. मे महिन्यात तिथला दाब बाहेरच्या एक तृतीयांशावर येतो. त्यामुळे हवा जास्त खेचली जाते आणि आत जाऊन जवळजवळ तिप्पट फुगते. भोक तेच, ऋतू वेगळा. नवं वायसर, आट्यांवर सफेदा-सुतळी, आणि संध्याकाळी टाकी भरली. रिवाइंडिंगच्या पैशांत आजीचा चष्मा झाला.

काकांनी एक उपाय सुचवला होता, पंपच विहिरीतल्या टप्प्यावर चार फूट खाली बसवायचा. सक्शनसाठी उत्तम. पण आमच्याकडे उल्हास नदी जवळ. २६ जुलै २००५ ला तिचं पाणी कल्याण परिसरात शिरलं होतं. पावसाळ्यात पंप बुडणार, म्हणून तो बेत सोडला.

शेवटी तीन सूचना, आणि या कंटाळवाण्या मानू नका. पंप कोरडा चालवू नका. मेकॅनिकल सीलला पाण्यानेच गारवा मिळतो, काही मिनिटांत ते जळू शकतं. हात लावण्याआधी नुसतं बटण नको, मेन स्विच बंद करा. अर्थिंग तपासा आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवून घ्या. आणि व्हॉल्व्ह काढायला कुणीही विहिरीत उतरू नये. तळाशी प्राणवायू कमी असू शकतो, त्याचा वास येत नाही, आणि पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. पाइप वर ओढून घ्या.

सुट्टीत घरी गेलात आणि पंप रुसलेला दिसला, तर पान्याला हात लावण्याआधी दोरीला दगड बांधा.