कोलूच्या पाहुण्यांसाठी सफरचंदाच्या छोट्या करंज्या

तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना सुमारे पंचवीस किलोमीटरवर पापनाशम लागते. एकशे आठ शिवलिंगांचे मंदिर आणि भोवतालची भातशेती ही या गावाची ओळख. शरद ऋतूत, नवरात्राच्या दिवसांत, या परिसरात घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडून ‘कोलू’ सजतो. संध्याकाळी सुवासिनी एका घरून दुसऱ्या घरी जातात. हळद-कुंकू, विड्याची पाने आणि वाटीभर सुंडल घेऊन परततात. तंजावरवर १६७० च्या दशकापासून १८५५ पर्यंत भोसल्यांची सत्ता होती. त्या काळापासून येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या स्वयंपाकघरांत महाराष्ट्राची आणि तमिळनाडूची चव एकत्र नांदते. सरफोजी राजांच्या पाकशाळेतील पदार्थांची नोंद करणारे ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ सरस्वती महाल ग्रंथालयाने जपले, ते याच परंपरेतले.

एका संध्याकाळी चार-पाच घरे करणाऱ्या पाहुणीपुढे भली मोठी करंजी ठेवली, तर ती अर्धी ताटात उरते. प्रसाद टाकवत नाही आणि खाववतही नाही, असा तिचा पेच होतो. म्हणून एका घासात संपेल एवढीच करंजी करावी. सारणाला सफरचंद घ्यावे, कारण हिमाचल व काश्मीरची नवी फळे याच सुमारास दक्षिणेतील बाजारात येतात. किंचित आंबट फळ उत्तम. डाग पडलेले स्वस्त फळही डागाचा भाग काढून चालते.

खरी अडचण पाण्याची आहे. सफरचंदात सुमारे ८५ टक्के पाणी असते. ओले सारण तेलात गेले की पाण्याची वाफ होते, करंजीची कड उकलते आणि बाहेर आलेली साखर जळून सगळा घाणा काळवंडतो. यावरचा उपाय तमिळ घरांतील ‘सोमासी’त सापडतो. करंजीच्याच आकाराच्या या पदार्थात भाजक्या डाळ्याचे पीठ असते, आणि हे पीठ ओलावा झटकन शोषून घेते.

चाळीस करंज्यांसाठी अर्धा किलो सफरचंदे सोलून किसावीत व लगेच चमचाभर लिंबाचा रस लावावा, म्हणजे कीस काळा पडत नाही. किसात ७५ ग्रॅम साखर घालून जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर परतावे. उलथन्याने बाजूला सारल्यावर तळाशी रस जमत नाही, तोवर थांबू नये. घाई येथेच नडते. मग आच बंद करून तीन चमचे डाळ्याचे पीठ, दोन चमचे भाजलेले सुके खोबरे व वेलची मिसळावी. सारण पूर्ण गार होऊ द्यावे. ते आदल्या दिवशी करून शीतकपाटात ठेवले तरी चालते.

पारीसाठी २०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बारीक रवा आणि चिमूटभर मीठ एकत्र करून त्यावर तीन मोठे चमचे कडकडीत तुपाचे मोहन घालावे. पिठाची मूठ वळली पाहिजे. मोहन कमी पडले तर पारी चिवट होते, जास्त झाले तर तेलात विरते. थंड पाण्याने घट्ट भिजवून पीठ अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवावे. पातळ पोळी लाटून लहान वाटीने सहा सेंटिमीटरच्या चकत्या पाडाव्यात. प्रत्येकीत चहाचा एकच चमचा सारण भरावे, कडेला पाण्याचे बोट फिरवून आतली हवा दाबून काढावी आणि मुरड घालावी. मुरड येत नसेल तर काट्याने कड दाबावी; नवशिक्यांनी यात संकोच करू नये.

तेलात पिठाची गोळी टाकताच ती सावकाश वर आली, की आच योग्य समजावी. मंद आचेवर सहा-सात मिनिटे, बदामी रंग येईपर्यंत तळावे. करंज्या जाळीवर एकेक पसरून गार कराव्यात, कारण गरम असताना डब्यात भरल्यास आतली वाफ त्यांना मऊ पाडते. कावेरीच्या खोऱ्यातील दमट हवेत तर हा नियम मोडूच नये. सुक्या सारणाच्या करंजीप्रमाणे ही आठवडाभर टिकत नाही. त्याच संध्याकाळी खावी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी. पाहुण्यांचा अंदाज नसेल, तर सगळ्या एकदम तळण्याऐवजी निम्म्या भरून, झाकून शीतकपाटात ठेवाव्यात आणि दारात चपला वाजू लागल्या की कढई तापवावी.