रॉयलची पानं वेगळी मोजा

माझं माहेर नाशिककडचं, द्राक्षबागायतदारांचं, त्यामुळे लाल कोळी (माइट) ही कीड लहानपणापासून माहितीची. सासर शिमला जिल्ह्यात, कोटगढच्या पट्ट्यात. 1916 मध्ये सॅम्युएल स्टोक्स यांनी अमेरिकेतून आणलेली रेड डेलिशियस सफरचंदाची झाडं इथेच, थानेदारला लावली. आमची रॉयल डेलिशियस त्याच घराण्यातली. परागीकरणासाठी मधूनमधून गोल्डन डेलिशियस.

एका वर्षी उन्हाळा कोरडा गेला आणि जूनमध्ये रॉयलची पानं फिकट दिसू लागली. औषधाच्या दुकानातून माणूस आला. त्यानं रस्त्याकडेच्या झाडांची चार पानं उलटून पाहिली आणि म्हणाला, "भाभीजी, माइट नहीं है, पानी की कमी है." ती झाडं नेमकी गोल्डनची! वर भुंगेऱ्यांसाठी म्हणून सिंथेटिक पायरेथ्रॉइड मारायला लावलं. कोळ्यांना खाणारे मित्रकोळी त्यात मेले आणि कोळ्यांना रान मोकळं झालं. जुलैत रॉयलची फांदी पांढऱ्या कागदावर झटकली, तर धुळीचे कण चालायला लागले. बोटानं चिरडले की तांबडी रेघ उमटे. पानं तांब्याच्या भांड्यासारखी झाली. फळ फुगलं नाही, रंग धरला नाही आणि पुढच्या वसंतात फूलही कमी आलं. शेजारची गोल्डन मात्र हिरवीगार. (मंडीत रॉयलपुढे तिला भाव नाही, म्हणून सासूबाई तिला 'बिचारी' म्हणतात.)

गोल्डनवर कोळी नसतो असं नाही. पण तेवढाच कोळी ती सोसते आणि रॉयल लगेच तांबूस पडते. शिवाय रॉयलच्या पानाखाली लव विरळ असते. दाट लवेत परागकण अडकतात, त्यावर मित्रकोळी तग धरतात. गुळगुळीत पानावर त्यांचं बस्तान बसत नाही. म्हणून सगळ्या बागेची मिळून सरासरी काढू नका, ती फसवते. प्रत्येक जातीची पानं वेगळी तोडा, भिंगाखाली खालची बाजू बघा आणि सुरुवात रॉयलपासून करा. अमेरिकेतले बागायतदार पानामागे जूनमध्ये अडीच, जुलैत पाच आणि ऑगस्टमध्ये साडेसात कोळी झाले की फवारणीचा विचार करतात. मी रॉयलसाठी त्याच्याही अलीकडे सावध होते. फवारायचं तर जिथे आकडा चढलाय त्याच ओळींवर, आणि दर वेळी वेगळ्या गटातलं कोळीनाशक. एकच औषध पुन्हा पुन्हा मारलं की कोळी त्याला जुमानत नाही.

रॉयल काढून टाका, असं मी सांगणार नाही. पेटीला पैसा तिचाच येतो. तिच्यासाठी खरं काम मात्र फुलाआधीचं. हिवाळ्यात फळफांद्यांच्या खाचांत विटकरी पुडीसारखी अंडी भिंगानं शोधा. कळी उकलून अर्धा इंच हिरवी झाली की ट्री स्प्रे ऑइल मारा, खाचा निथळेपर्यंत. रात्री दंव पडायची चिन्हं असतील तर थांबा. आणि गंधकाच्या फवारणीच्या आगेमागे तेल नको, पान भाजतं.