चार विसा म्हणजे ऐंशी

प्रश्न : मी पुण्याला विद्यापीठाच्या विदेशी भाषा विभागात फ्रेंच शिकते. पुढच्या वर्षी एका सत्रासाठी फ्रान्सला जायचे आहे. वाचन आणि व्याकरण जमते, पण कोणी आकडे सांगू लागले की घोटाळा होतो. ऐंशीला ‘चार वीस’ आणि सत्त्याण्णवला ‘चार वीस सतरा’ असे का म्हणतात? जाण्याआधी हे कानात कसे बसवावे?
— एक विद्यार्थिनी, इगतपुरी

उत्तर : शेजारी एखादी वयस्कर आजी असेल, तर तिला ‘चार विसा म्हणजे किती?’ असे विचारून बघा. आपल्याकडेही जुनी माणसे ‘तीन विसा साठ’, ‘पाच विसा शंभर’ असाच हिशेब करत. फ्रेंचमधले ‘कात्र-व्हँ’ म्हणजे तेच, चार विसा. हातापायांची बोटे मिळून वीस, त्यामुळे विसांनी मोजण्याची रीत जगात अनेक ठिकाणी आढळते.

फ्रान्समध्ये ही रीत पूर्वी आणखी पसरलेली होती. पॅरिसमध्ये नवव्या लुई राजाने १२६० च्या सुमारास तीनशे अंधांसाठी आश्रम उभारला. त्याचे नाव ‘कँझ-व्हँ’, म्हणजे पंधरा विसा. आज तिथे त्याच नावाचे डोळ्यांचे रुग्णालय आहे. आचार्य अत्र्यांनी मोलिएरच्या ज्या नाटकावरून ‘कवडीचुंबक’ लिहिले, त्या १६६८ च्या मूळ नाटकात म्हाताऱ्या कंजूषाला, तुम्ही सहा विसांच्या पलीकडे जगाल, असे सांगून खूश केले जाते. सहा विसा म्हणजे एकशेवीस वर्षे.

ही रीत रोमनांच्या आधी तिथे राहणाऱ्या गॉल लोकांच्या केल्टिक भाषेतून आली, असे पुष्कळ अभ्यासक मानतात, पण सगळ्यांचे त्यावर एकमत नाही. ब्रेटन, वेल्श आणि आयरिश या केल्टिक भाषांत मात्र विसांची मोजणी आजही सापडते. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये फ्रेंच बोलणारे सत्तरला ‘सेप्ताँत’ आणि नव्वदला ‘नोनाँत’ म्हणतात. स्वित्झर्लंडच्या काही भागांत ऐंशीलाही ‘विताँत’ असा सुटसुटीत शब्द आहे. फ्रान्समध्ये तुमच्या वर्गात बेल्जियन किंवा स्विस विद्यार्थी असले, तर हे शब्द कानावर पडतील.

आता घोटाळ्याकडे येऊ. फ्रान्समधला दूरध्वनी क्रमांक दहा आकडी असतो आणि तो दोन-दोन आकड्यांच्या पाच जोड्या करून सांगतात. समोरचा ‘कात्र-व्हँ’ म्हणतो, तुम्ही चटकन ८ लिहिता, आणि मागून ‘दिस्-सेत’ येते. मग ८ खोडून ९७ करेपर्यंत पुढची जोडी निघून गेलेली असते. ‘स्वासाँत’ ऐकून ६ लिहावा, तर मागून ‘दूझ’ येऊन त्याचे ७२ होतात.

ही चूक होते, कारण आपण फ्रेंच बहुतेक इंग्रजीच्या आधाराने शिकतो. इंग्रजीत साधारण वीसच्या पुढे जो आकडा आधी ऐकू येतो, तोच आधी लिहायचा असतो. मराठीत तसे नाही. ‘सत्त्याण्णव’ ऐकताना ‘सत्त्या’वर हात थांबतो, ‘ण्णव’ आले की मग आपण ९७ लिहितो. ‘एकोणऐंशी’त तर ऐंशी हा शब्द ऐकूनही आपण ८ लिहीत नाही. आपल्या अंकांचा हा गुंता मुलांना जड जातो म्हणून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ला ‘वीस एक’ असे वाचणे सुचवले गेले आणि त्यावर महाराष्ट्रभर वाद झाला. त्या वादात कोणाची बाजू बरोबर, हा वेगळा विषय. पण लहानपणी तो गुंता पार केलेला कान तुमच्याकडे आहे. फ्रेंच आकडे ऐकताना इंग्रजी बाजूला ठेवा आणि मराठी कानाने ऐका : जोडी पूर्ण झाल्याशिवाय पेन टेकवायचे नाही. सगळीकडे थांबायचीही गरज नाही. ‘स्वासाँत’ आणि ‘कात्र-व्हँ’ या दोनच शब्दांपाशी थांबायचे आहे.

एक बारीक खूणही लक्षात ठेवा. बावीस म्हणताना ‘व्हँ’नंतर हलकासा ‘त’ ऐकू येतो, ब्याऐंशी म्हणताना तो येत नाही. घाईत बोलणाऱ्याचे ‘कात्र’ निसटले, तरी ‘त’ नाही एवढ्यावरून ८२ ओळखता येते.

सराव रोज दहा मिनिटे पुरे. मैत्रिणीने फ्रेंचमध्ये जोड्या सांगाव्यात, तुम्ही लिहाव्यात. पहिल्या आठवड्यात फक्त साठ ते नव्व्याण्णव, त्यानंतर सगळे अंक मिसळून. एक जोडी चुकली तर मागे वळू नका, रिकामी जागा सोडून पुढची पकडा. प्रत्यक्षातही तसेच करावे लागते, आणि सुटलेली जोडी शेवटी पुन्हा विचारता येते.

सुट्टीत घरी याल तेव्हा तर सरावाची उत्तम सोय तुमच्या गावातच आहे. कसाऱ्याहून मागे बँकर इंजिने लावून घाट चढून आलेल्या गाड्या ती सोडायला इगतपुरीला थांबतात. अशी एखादी मालगाडी उभी असेल, तेव्हा फलाटावरूनच प्रत्येक वाघिणीवरच्या लांबलचक क्रमांकाचे शेवटचे चार आकडे दोन जोड्या करून फ्रेंचमध्ये मोठ्याने म्हणा. गाडी सुटून हळूहळू वेग घेऊ लागली की तुम्हीही तिच्याबरोबर वेग वाढवा. शेवटचा डबा जाईपर्यंत न अडखळता म्हणता आले, की फ्रान्समधल्या घरमालकाने फोनवर सांगितलेला क्रमांक तुम्ही न खोडता लिहून घ्याल.