मोडलेली पंजी

मागच्या वर्षीची गोष्ट. मृग लागला होता. केनवडच्या शिवारात जमिनीला चांगला वाफसा आला होता. माझा पुतण्या ट्रॅक्टरला पंजी लावून शेतात गेला. दुपारीच तो परत आला.

"काय झालं रे?" मी विचारले.

"काका, पंजीची चौकट तडकली जी. कोपऱ्याजवळ. आता कसं करावं?"

"वेल्डिंग मारून घे अन् लाग कामाला," मी म्हणालो. घाई मलाही होती.

तडकलेल्या जागी गंज होता, माती होती. त्यावरच वेल्डिंग झाले. वरून जोड छान दिसला. चौथ्या दिवशी पंजी त्याच जागी पुन्हा मोडली. तेव्हा ती वर उचललेली होती. पुतण्या खाली वाकून फणाचा बोल्ट आवळत होता. फणासकट तुकडा त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर पडला. पाय वाचला. पण पुढे पाऊस लागला आणि पेरणी आठ दिवस लांबली.

चूक माझी होती. म्हणून हा धडा लिहितो.

भेग का पडते?

एक तार घ्या. ती एकाच जागी इकडेतिकडे वाकवा. थोड्या वेळाने ती तुटते. पंजीचेही तसेच होते. फण दगडाला अडतो, मुळाला अडतो. दर वेळी चौकट जराशी वाकते आणि पुन्हा सरळ होते. असे हजारदा झाले की बारीक भेग पडते. ती बहुधा कोपऱ्यात, बोल्टच्या भोकाजवळ किंवा जुन्या जोडाच्या कडेला पडते. बोल्ट ढिले असले तर लवकर पडते.

भेग कशी शोधावी?

चौकट धुऊन पुसा. संशय असेल तिथे डिझेल लावा. थोडे थांबा आणि कोरड्या फडक्याने पुसून काढा. मग वर खडूची पूड चोळा. भेगेत शिरलेले डिझेल बाहेर येते. पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. रेघ जिथे संपते तिथे खूण करा.

जोड कसा द्यावा?

१. पंजी ट्रॅक्टरपासून सोडा. जमिनीवर लाकडी ठोकळ्यांवर टेकवा. सोडता येत नसेल तर ट्रॅक्टरच्या बॅटरीची तार तरी काढा.

२. चौकट सरळ आहे का ते मापा. समोरासमोरचे कोपरे दोरीने तिरपे मोजा. दोन्ही मापे सारखी आली पाहिजेत.

३. भेगेच्या टोकाला दोन सुतांचे भोक पाडा. भेगेचे टोक अणकुचीदार असते, म्हणून ती पुढे पळते. गोल भोकाशी ती थांबते.

४. रंग, गंज, तेल काढा. चांगले लोखंड चकाकले पाहिजे. भेग ग्राइंडरने खोल उघडा, म्हणजे जोड तळापर्यंत जातो.

५. आधी थोडे थोडे टाके द्या. माप पुन्हा पाहा. मग थांबत थांबत पुरते भरा. एकदम भरले तर उष्णतेने चौकट वाकते. वेल्डिंगची कांडी कोरडी असावी.

६. जोड घासून सपाट करा. वर तेवढ्याच जाडीची पट्टी बसवा. पट्टीची टोके निमुळती कापा. टाका पट्टीच्या लांबीने द्यावा. चौकटीवर आडवा टाका देऊ नये. तिथेच नवी भेग पडते.

७. जोड आपोआप थंड होऊ द्या. पाणी ओतू नका. पाण्याने लोखंड ठिसूळ होऊ शकते.

लोखंड ओळखा

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते असे तेव्हा पुष्कळ शेतकऱ्यांना वाटे. पुढे तोच नांगर घरोघरी गेला. पण त्या नांगरांचे काही भाग बिडाचे असत. बीड ठिसूळ असते. ते वाकत नाही, एकदम मोडते. साध्या कांडीने त्याचा जोड टिकत नाही. पंजीची चौकट वाकणाऱ्या लोखंडाची असते, म्हणून ती जोडता येते. जोडायच्या आधी वस्तू कशाची आहे ते विचारा.

जिवाला जपा

उचललेल्या पंजीखाली हात-पाय घालू नका. वेल्डिंगचा उजेड उघड्या डोळ्यांनी पाहू नका. पोरांना तिथे उभे राहू देऊ नका. त्या उजेडाने रात्री डोळे खुपतात. तसे झाले तर दवाखान्यात जा.

आता आमच्या घरी एक वही आहे. कोणता भाग कधी मोडला, कुठे जोडला, ते पुतण्या तिच्यात लिहितो. मृगाच्या आधी आम्ही ती वही उघडतो आणि ते जोड आधी तपासतो. तुम्हीही लिहायला शिकला आहात. अशी वही करा.

प्रश्न

१. भेगेच्या टोकाला भोक का पाडतात?
२. पहिला जोड चौथ्या दिवशी का मोडला?
३. तुमच्या घरच्या अवजाराचे नाव लिहा. त्याचा कोणता भाग मोडला होता, तेही लिहा.