घराजवळील मधमाश्यांची व गांधीलमाश्यांची पोळी : ओळख, दक्षता आणि प्रथमोपचार

घराच्या सज्जाखाली, पाण्याच्या टाकीच्या तळाशी किंवा अंगणातील झाडावर पोळे दिसले की ते तात्काळ पाडावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु फुलांवर किंवा पाण्यावर आलेली माशी सहसा कोणालाही डंख करीत नाही. ती डंख करते ते प्रामुख्याने आपल्या पोळ्याच्या रक्षणासाठी. म्हणूनच दगड, धूर, फटाके, मशाल किंवा काठी यांमुळे पोळे विचलित झाले की गंभीर दुर्घटना घडतात. पोळे ओळखणे, त्यापासून अंतर राखणे आणि धोक्याची लक्षणे दिसताच वेळ न दवडता रुग्णालय गाठणे, या तीन गोष्टी प्रत्येक कुटुंबास ठाऊक असाव्यात.

पोळे कोणाचे आहे ते ओळखावे

आग्या मधमाशी : उंच झाडे, इमारतींचे सज्जे, पूल, पाण्याच्या टाक्या व गडकिल्ल्यांचे कडे येथे एकच मोठे, उघडे, अर्धवर्तुळाकार पोळे लोंबकळते. त्यावर हजारो माश्या असतात. विचलित झाल्यास त्या समूहाने हल्ला करतात व काहीशे मीटरपर्यंत पाठलाग करतात. घराजवळील पोळ्यांत हे सर्वाधिक धोकादायक समजावे.

सातेरी मधमाशी : झाडाची ढोली, भिंतीतील पोकळी अशा अंधाऱ्या जागी समांतर पोळी बांधते. स्वभावाने तुलनेने शांत असते.

फुलोरी मधमाशी : झुडपात, कुंपणात किंवा सज्जातील कुंडीतल्या रोपावर तळहाताएवढे लहान, उघडे पोळे बांधते. धक्का न लागल्यास सहसा त्रास देत नाही.

गांधीलमाशी : चावलेल्या लाकडाच्या तंतूंपासून कागदासारखे राखाडी घर बांधते. छपराखाली, खिडकीच्या कोपऱ्यात किंवा बंद पेटीत ते आढळते. त्यात मध नसतो.

कुंभारीण माशी : भिंतीवर मातीची लहान घरटी करते. ती एकटी राहते व क्वचितच डंख करते. तिच्यापासून घाबरण्याचे कारण नाही.

फांदीवर पोळे नसताना माश्यांचा नुसता घोस लटकत असेल, तर ते बहुधा नव्या जागेच्या शोधात निघालेले मोहोळ असते. ते काही तासांत किंवा एकदोन दिवसांत आपणहून निघून जाते. तोवर त्या जागेपासून दूर राहावे.

पोळे दिसताच काय करावे

• मुलांना व पाळीव जनावरांना त्या बाजूस जाऊ देऊ नये. शेजाऱ्यांना कळवावे.
• पोळ्याकडील दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात किंवा त्यांना जाळी लावावी.
• पोळ्याखाली होम, शेकोटी, फटाके, कचरा जाळणे किंवा मोठ्या आवाजाची यंत्रे चालविणे टाळावे. स्मशानभूमी, मंदिर व शाळेच्या आवारातील मोठ्या झाडांखाली कार्यक्रम करण्यापूर्वी वर पाहून खात्री करावी.
• आग्या मधमाश्या रात्री दिव्याकडे आकर्षित होतात. पोळे जवळ असल्यास बाहेरील दिवे मालवावेत, खिडक्यांचे पडदे ओढावेत व पोळ्यावर विजेरीचा झोत टाकू नये.
• सकाळी दिव्याखाली मेलेल्या माश्या आढळल्यास त्या केरसुणीने गोळा कराव्यात. मेलेल्या माशीची नांगीही टोचू शकते, म्हणून तेथे अनवाणी चालू नये.

आग्या मधमाश्या स्थलांतर करणाऱ्या आहेत. फुलोरा संपला की त्या बहुधा पोळे सोडून जातात. पोळे उंचावर व वर्दळीपासून दूर असल्यास काही आठवडे किंवा महिने थांबणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग होय. सूर्यफूल, मोहरी, कांद्याचे बियाणे, भोपळवर्गीय भाज्या अशा अनेक पिकांचे परागीभवन मधमाश्यांवर अवलंबून असल्याने विनाकारण पोळे नष्ट करणे शेतीच्याही हिताचे नाही.

पोळे काढणे आवश्यक असल्यास

पोळे जिना, प्रवेशद्वार, शाळा किंवा दवाखाना यांच्या लगत असेल, अथवा घरात डंखाची तीव्र ॲलर्जी असलेली व्यक्ती असेल, तर ते हलवावे लागते. हे काम प्रशिक्षित व्यक्तीकडूनच करवून घ्यावे. ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, अग्निशमन दल, वनविभाग, कृषी विज्ञान केंद्र व स्थानिक मधपाळ यांच्याकडे चौकशी करावी.

रॉकेल ओतून पेटविणे, पाण्याचा फवारा मारणे किंवा शिडीवर चढून पोळे कापणे यांत डंखाबरोबरच भाजण्याचा व पडण्याचाही धोका असतो. कीटकनाशक फवारलेल्या पोळ्यातील मध कोणीही खाऊ नये. एक वर्षाखालील बालकास तर कोणताच मध चाटवू नये.

माश्यांनी हल्ला केल्यास

हात झटकू नयेत, माश्या चिरडू नयेत. मधमाशी डंख करते तेव्हा एक गंध सोडते व त्यामुळे इतर माश्या त्याच जागी ओढल्या जातात. एका जागी थांबणे म्हणूनच घातक ठरते. सदरा, ओढणी किंवा पदर यांनी डोके व चेहरा झाकून सरळ रेषेत पळावे आणि बंद खोलीत किंवा वाहनात शिरून दार लावावे. पाण्यात उडी मारू नये. माश्या वर घिरट्या घालत राहतात आणि बुडण्याचाही धोका असतो.

डंखावरील प्रथमोपचार

मधमाशीची नांगी काटेरी असते. ती विषाच्या पिशवीसह त्वचेत अडकून राहते आणि विष आत सोडत राहते. त्यामुळे सुरक्षित जागी पोहोचताच ती नखाने किंवा बोथट कडेने खरवडून काढावी. ती कशी काढली यापेक्षा किती लवकर काढली याला अधिक महत्त्व आहे. गांधीलमाशीची नांगी सहसा अडकत नाही. तीच माशी पुनःपुन्हा डंख करू शकते.

• जागा साबण व पाण्याने धुवावी. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे धरावा.
• सूज वाढण्यापूर्वी अंगठ्या, बांगड्या व जोडवी काढावीत.
• लोखंड घासणे, चुना, शेण, माती किंवा रॉकेल लावणे टाळावे. यांचा उपयोग होत नाही. उलट त्वचेस इजा किंवा जंतुसंसर्ग होऊ शकतो.
• डोळ्यास डंख झाल्यास डोळा चोळू नये, डॉक्टरांना दाखवावे.

एकदोन डंखांची वेदना, लाली व सूज बहुतेक निरोगी व्यक्तींत काही तासांत किंवा दिवसांत ओसरते.

तात्काळ रुग्णालयात न्यावे, जर

• श्वास लागत असेल, छातीत घरघर होत असेल किंवा आवाज घोगरा झाला असेल;
• ओठ, जीभ, चेहरा किंवा घसा सुजला असेल;
• डंखापासून दूर, सर्वांगावर पित्ताच्या गांधी उठल्या असतील;
• चक्कर, घेरी, वारंवार उलटी किंवा बेशुद्धी आली असेल;
• तोंडात किंवा घशात डंख झाला असेल;
• पूर्वी डंखाने तीव्र त्रास झालेला असेल.

ही तीव्र ॲलर्जीची, म्हणजेच ॲनाफिलॅक्सिसची चिन्हे असू शकतात. ती काही मिनिटांत प्राणघातक ठरू शकते. यावरील मुख्य औषध ॲड्रेनालिनचे इंजेक्शन हे होय; ते मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत दिले जाते. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही, म्हणून गोळी देऊन वाट पाहू नये. रुग्णास आडवे निजवून पाय उंच ठेवावेत. श्वास लागत असल्यास बसू द्यावे. त्यास उभे करू नये, चालवू नये. ११२ किंवा १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. बरे वाटल्यानंतरही लक्षणे काही तासांनी परतू शकतात, म्हणून डॉक्टर सांगतील तितका वेळ देखरेखीखाली थांबावे.

ॲलर्जी नसतानाही अनेक डंखांचे एकत्रित विष स्नायू, रक्त व मूत्रपिंड यांना इजा करू शकते. प्रौढ व्यक्तीस पन्नासच्या आसपास डंख झाले असतील, तर प्रकृती बरी वाटली तरी रुग्णालयात तपासणी करावी. बालके, वृद्ध, गरोदर स्त्रिया व हृदयविकार असलेल्यांनी याहून कमी डंखांतही विलंब करू नये. पुढील एकदोन दिवसांत लघवी कमी होणे किंवा तिचा रंग काळ्या चहासारखा होणे हे मूत्रपिंडाच्या त्रासाचे लक्षण असू शकते.

पुन्हा पोळे होऊ नये म्हणून

पोळे रिकामे झाल्यावर उरलेले मेण खरवडून ती जागा धुवावी, कारण आग्या मधमाश्या त्याच जागी परत येण्याची शक्यता असते. भिंतीतील भेगा, वापरात नसलेले नळ व पेट्यांची छिद्रे बुजवावीत. गळके नळ दुरुस्त करावेत. छपराखाली गांधीलमाशीचे घर सुरू होत आहे का, हे दर आठवड्यास लांबूनच पाहावे.

कुटुंबाने आजच ठरवून ठेवावे

नजीकचे कोणते आरोग्य केंद्र चोवीस तास सुरू असते? तेथे नेण्यास वाहन कोणाचे मिळेल? घरात कोणास डंखाची ॲलर्जी आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे घरातील प्रत्येकास, लहान मुलांसही, ठाऊक असावीत. संकटसमयी वाचलेली काही मिनिटेच रुग्णाचे प्राण वाचवितात.