प्रभूची वाट आणि दारातला बर्फ
(आगमनकाळ : कुटुंबांसाठी अभ्यास)



आगमनकाळ सुरू झाला की आम्ही धर्मगुरू दरवर्षी तेच सांगतो : प्रार्थना वाढवा, पापनिवेदन करा, रोजच्या मिस्साला या. ते सांगायलाच हवे. पण घरात लहान मुले असलेल्या आईबाबांनी हे सारे केव्हा करायचे, याचा विचार आम्ही क्वचितच करतो. मला तो विचार करायला लावला एका बहिणीने, आपल्या गावापासून फार दूर, बर्फाच्या मुलखात.

२०२२ सालच्या डिसेंबरमध्ये मी कॅनडात टोरोंटोजवळच्या एका धर्मग्रामात मदतीसाठी गेलो होतो. वसईची काही कुटुंबे त्या परिसरात स्थायिक झाली आहेत. त्यांपैकी एका घरी माझे जाणे-येणे असे. नवरा गोदामात रात्रपाळीला, बायको कार्यालयात नोकरीला. मुले दोन : मुलगा सात वर्षांचा, मुलगी चार वर्षांची.

तिकडे डिसेंबरात सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि पाचच्या आत मावळतो. ही आई अंधारात उठते आणि अंधारातच घरी येते. सकाळी मुलांना तयार करणे हेच एक मोठे काम. आधी जाड विजार, मग बूट, मग जाकीट, टोपी आणि सर्वांत शेवटी हातमोजे. सगळे अंगावर चढले, की धाकटी हमखास म्हणणार, "मम्मी, सू आली!" पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

बाबा रात्रपाळी करून येतो तो थेट फावडे हातात घेतो. दारातला बर्फ काढल्याशिवाय गाडी बाहेर निघत नाही. वाट मोकळी होते न होते, तोच रस्ता साफ करणारी गाडी येते आणि रस्त्यावरचा बर्फ लोटताना नेमका यांच्या दाराच्या तोंडाशी ढीग करून जाते. तो बर्फ भुसभुशीत नसतो, दगडासारखा घट्ट असतो. पुन्हा फावडे. मग कोणी घसरू नये म्हणून वाटेवर मीठ टाकायचे.

त्यातच नाताळची तयारी. शाळेच्या कार्यक्रमासाठी मुलाला मेंढपाळाचा झगा हवा. मुले झोपल्यावर करंज्या लाटायच्या. गोठा मांडायचा. सकाळी सातला आजीला फोन लावायचा, कारण तेव्हा वसईत संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. यंदा आजी स्वतःच येणार होती, २३ डिसेंबरला. मुलांनी भिंतीवर दिवस मोजायला कागद चिकटवला होता.

आगमनकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात ती बहीण मला म्हणाली, "फादर, यंदा माझा आगमनकाळ झालाच नाही. रोझरी अर्ध्यात झोप लागते. बायबल उघडलेले नाही. बर्फ, डबे, हातमोजे, एवढेच केले. येशूला मी काय देणार?"

मी तिला म्हणालो, "पंधरा मिनिटे लवकर उठून पाहा." ती "हो, फादर" म्हणाली आणि गप्प झाली. माझा सल्ला तिला टोचला, हे मला दिसले. मी स्वतः सकाळी किती वाजता उठत होतो, ते इथे लिहीत नाही.

नाताळच्या तोंडावर उत्तर अमेरिकेत मोठे हिमवादळ आले. दक्षिण ओन्टारिओत वारा आणि बर्फ यांनी थैमान घातले, अनेक विमाने रद्द झाली. आजी मधल्याच विमानतळावर अडकली. २४ तारखेला सकाळी चर्चची वाट साफ करायला कोणी पोहोचू शकले नाही. तिथले धर्मगुरू वयस्कर, म्हणून फावडे मी घेतले. वीस मिनिटांत कंबर धरली. अंगणाचे तोंड मोकळे केले आणि तेवढ्यात ती रस्त्याची गाडी आली. ढीग पुन्हा होता तिथे!

तिथे उभा असताना मला माझेच प्रवचन आठवले. आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी, ४ डिसेंबरला, मी योहान बाप्तिस्तावर बोललो होतो. प्रभूसाठी वाट तयार करा, असे तो लोकांना सांगतो. यशया संदेष्ट्याच्या चाळिसाव्या अध्यायात तर उंचवटे सपाट करण्याची भाषा आहे. मी त्यातून खूप खोल अर्थ काढले होते. आणि समोरच्या बाकावर बसलेले ते जोडपे अक्षरशः रोज वाट मोकळी करत होते, हे मला सुचलेही नव्हते.

बाराव्या शतकातील संत बर्नार्ड आपल्या आगमनकाळाच्या प्रवचनांत प्रभूची तीन आगमने सांगतात. पहिले बेथलेहेमात, देह धारण करून. शेवटचे जगाच्या अंती, वैभवाने. आणि या दोहोंच्या मधले आगमन आज, आपल्या अंतःकरणात, कोणाला न दिसणारे. आपण पहिल्यासाठी गोठा मांडतो, शेवटच्याचे थोडे भय बाळगतो. पण मधले आगमन विसरतो. ते घडते रोजच्या दिवसात. आईबाबांचा रोजचा दिवस म्हणजे डबे, अभ्यास, ताप, भांडणे आणि तोच ढीग पुन्हा. प्रभू येणार तर याच वाटेने येणार, दुसरी वाट त्यांच्यापाशी नाही.

आगमनचक्राची कथाही हेच सांगते. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये अनाथ-गरीब मुलांचे घर चालवणारे प्रोटेस्टंट पाळक योहान विखर्न यांना मुले रोज विचारत, नाताळ कधी? त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या : रविवारच्या चार मोठ्या, इतर दिवसांच्या वीस लहान. पुढे आपल्याही चर्चमध्ये ही प्रथा आली आणि चार मेणबत्त्या राहिल्या. मूळ चाकावर मात्र सोमवार-मंगळवारचीही ज्योत होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

याचा अर्थ काम हीच प्रार्थना, मग वेगळी प्रार्थना नको, असा घेऊ नका. सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस शिकताना आम्ही एक गोष्ट शिकलो : माणसाची कृती कोणती हे तिच्या हेतूवरून ठरते. तेच फावडे कोणी चडफडत मारतो, कोणी घरच्यांचा पाय घसरू नये म्हणून मारतो. हात तेच, कृती निराळी. तो हेतू जागा राहावा म्हणून प्रार्थना हवी. दमलेल्या आईची एका वाक्याची असली तरी हवी.

नाताळच्या मिस्सानंतर मी त्या बहिणीला गाठून म्हणालो, "माझा सल्ला मागे घेतो. तुमचा आगमनकाळ झाला. माझाच राहिला होता." ती हसली आणि मग तिचे डोळे भरून आले. आजी २७ तारखेला पोहोचली. गोठा अजून मांडलेला होता, करंज्याही ठेवल्या होत्या. नाताळ एका दिवसाचा सण नाही, तो प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो.

आपल्याकडे बर्फ पडत नाही. पण पहाटेची विरार-चर्चगेट लोकल आहे, परीक्षा आहेत, अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत. आवरलेला ढीग सकाळी पुन्हा दारात असतोच.

या आठवड्यात घरी एवढे करावे :

१. सकाळच्या एका कामाआधी, डबा भरताना किंवा मुलांना तयार करताना, म्हणावे : "प्रभू, ही तुझी वाट."

२. रात्री जेवताना प्रत्येकाने सांगावे : आज माझी वाट कोणी मोकळी केली? त्या व्यक्तीचे आभार मानावेत.

३. ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांनी फोनवर "मिस्साला गेलास का?" याच्याआधी "दमलास का?" हे विचारावे.

नाताळपूर्व पापनिवेदनासाठी मी मिस्साआधी अर्धा तास चर्चमध्ये असतोच. लहान मुलांच्या आईबाबांना ती वेळ जमत नसेल, तर मुलांना घेऊन केव्हाही दार वाजवा. यंदा मी लवकर उठतो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू