अन्न सुरक्षा अधिकारी दुकानात आले तर : हॉटेल, खानावळ व बेकरीवाल्या बंधूंसाठी आवश्यक माहिती

सातारा-सांगली भागात आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ खाद्यपदार्थांच्या धंद्यावर चालतो. मिरजेच्या दवाखान्यांभोवतालच्या खानावळी, सांगलीतील बेकऱ्या, साताऱ्यात पोवई नाका ते राजवाडा या पट्ट्यातील हातगाड्या, पुणे-बंगळूर महामार्गावरील बिर्याणीची हॉटेले, यांत मालक म्हणून, वस्ताद म्हणून किंवा टेबल पुसणारा पोऱ्या म्हणून आपली माणसे आहेत. अशा एखाद्या रस्त्यावर 'अन्न व औषधवाले आलेत' एवढी बातमी फिरली की पाहता पाहता निम्मी शटर खाली येतात. शटर ओढणाऱ्यांत भेसळ करणारे थोडे आणि घाबरलेले जास्त असतात. ही भीती कायदा माहीत नसल्याची आहे. याच भीतीवर 'साहेबांना मी सांभाळतो, तुम्ही फक्त महिन्याचे तेवढे द्या' असे सांगणाऱ्या मध्यस्थांचे पोट भरते. म्हणून अधिकारी काय पाहतात, त्यांचे अधिकार कोठवर आहेत आणि दुकानदाराचे हक्क कोणते, हे या लेखात पाहू.

तपासणारे कोण?

पूर्वी १९५४ चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा होता. त्यात 'फूड इन्स्पेक्टर' नमुना घेई आणि खटला कोर्टात जाई. जुने दुकानदार अजून त्याच कायद्याच्या भाषेत बोलतात. तो आता राहिलेला नाही. त्याच्या जागी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ आला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून तो प्रत्यक्ष लागू झाला. आपल्या राज्यात त्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते. सातारा आणि सांगली येथे सहायक आयुक्त (अन्न) यांची कार्यालये आहेत व ती पुणे विभागात मोडतात. दुकानात येतात ते अन्न सुरक्षा अधिकारी. परवाना देणे, नोटीस काढणे, परवाना निलंबित करणे ही कामे त्यांच्या वरच्या पदनिर्देशित अधिकाऱ्याची.

नगरपालिकेचे किंवा महानगरपालिकेचे आरोग्य निरीक्षक वेगळे. कचरा, गटार, मोरी, सांडपाणी, रस्त्यावरील अतिक्रमण हे त्यांचे क्षेत्र. साताऱ्यात नगरपालिका आहे, तर सांगली, मिरज व कुपवाड यांची १९९८ पासून एकच महानगरपालिका आहे. एकाचा कागद दुसऱ्याला दाखवून भागत नाही. पालिकेची पावती भिंतीला लावून 'आमचे लायसन आहे' म्हणणारे बरेच बंधू भेटतात. त्या पावतीने अन्न कायद्याची पूर्तता होत नाही.

नोंदणी की परवाना?

२०११ च्या नियमांनी वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्या छोट्या धंद्यासाठी 'नोंदणी' आणि त्यावरील धंद्यासाठी 'परवाना' अशी विभागणी केली. नोंदणीची फी त्या वेळी वर्षाला अवघी १०० रुपये ठेवली होती. या मर्यादा आणि फी अधिसूचना काढून बदलता येतात, म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी जो दर असेल तो पाहून घ्यावा. २०२० पासून यासाठी 'फॉसकॉस' ही संगणकीय व्यवस्था आहे. अर्ज तेथेच भरायचा. फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा जवळ असला तर शिकलेला मुलगा किंवा मुलगी घरी बसून हे काम करू शकते.

मिळणारा क्रमांक १४ आकडी असतो. तो दर्शनी भागी लावावा लागतो आणि १ जानेवारी २०२२ पासून बिलावरही छापावा लागतो.

आता एक मुद्दा आपल्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावा. कायद्यातील 'अन्न व्यवसाय' या शब्दात नफ्यासाठी नसलेले कामही येते. धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणाराही नियमांनी छोट्या व्यावसायिकांत धरला आहे. म्हणजे मिरजेत ख्वाजा शमना मीरा यांच्या उरुसात नियाज शिजवणारी कमिटी आणि गणेशोत्सवात महाप्रसाद करणारे मंडळ, दोघांनाही हा नियम सारखाच. पुण्याच्या कामात कसली नोंदणी, असे म्हणून चालत नाही. हजार माणसे एका देगीतून जेवतात तेव्हा चूकही हजार पोटांत जाते.

अधिकारी काय पाहतात?

बहुतेकांना वाटते की साहेब फरशी पाहतात. फरशी पाहतातच, पण खरी तपासणी पाणी, तापमान, हात आणि कागद या चार गोष्टींची असते. खानपान सेवेसाठी केंद्रीय प्राधिकरणाची छापील तपासणी यादी आहे. तिचे एकूण गुण ११४ आणि ८० च्या खाली आल्यास श्रेणी नाही. ही यादी गुप्त नाही. ती छापून घ्यावी आणि महिन्यातून एकदा दुकान बंद झाल्यावर स्वतःच स्वतःचे दुकान तपासावे.

पाण्याची तपासणी प्रयोगशाळेतून करून अहवाल जवळ ठेवावा. टाकी धुतल्याची तारीख टाकीवरच रंगाने लिहिली तर उत्तम. कृष्णाकाठच्या लोकांना हे सांगायची गरज पडू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये सांगलीत दुकानांत पाणी शिरले. पुराच्या पाण्यात भिजलेले पीठ, डाळ, मसाला वाळवून वापरणे म्हणजे गटाराचे पाणी गिऱ्हाइकाच्या ताटात वाढणे होय. नुकसान मोठे असते, हे मान्य. तरीही तो माल पंचनामा करून फेकलाच पाहिजे.

तापमानाकडे आपल्या धंद्यात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. बिर्याणीची देग सकाळी ११ ला उतरते आणि रात्रीपर्यंत विकली जाते. वस्ताद म्हणतो, 'झाकण आहे, गरम आहे.' वरून गरम असते हे खरे. पण भातात 'बॅसिलस सिरियस' नावाचे जंतू असतात. त्यांचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात आणि भात कोमट झाला की वाढतात. त्यांनी एकदा विष तयार केले की भात पुन्हा गरम करूनही ते जात नाही. उलट्यांचा त्रास होतो तो त्यामुळे. मटणाच्या मोठ्या भांड्यात 'क्लॉस्ट्रिडियम' जातीचे जंतू असाच खेळ करतात, कारण मोठ्या देगीचा मध्यभाग फार हळू निवतो. म्हणून नियम असा की गरम ठेवायचे अन्न ६५ अंश सेल्सियसच्या वर आणि थंड ठेवायचे ५ अंशांच्या खाली असावे. मधला पट्टा जंतूंचा. उरलेले अन्न ठेवायचेच असेल तर देगीत न ठेवता पसरट परातीत पातळ थरात काढून लवकर थंड करावे, मग फ्रीजमध्ये ठेवावे आणि एकदाच, वाफ येईपर्यंत गरम करावे. अन्नात खुपसायचा थर्मामीटर फार महाग नसतो. ज्याच्या भटारखान्यात तो आहे आणि शेजारी वहीत तापमान लिहिलेले आहे, त्याच्याशी अधिकारी वेगळ्याच सुरात बोलतात.

दवाखान्याजवळच्या खानावळीची जबाबदारी याहून मोठी. तेथील डबा ऑपरेशन झालेल्या रुग्णाला जातो, बाळंतिणीला जातो. धडधाकट माणूस जे पचवतो ते त्यांना पचत नाही.

हातांविषयी थोडेच सांगतो. काम करणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि विषमज्वरासारख्या रोगांची लस नियमांत सांगितली आहे. त्याचा दाखला फाइलमध्ये हवा. जुलाब होत असलेल्या पोऱ्याला त्या दिवशी सुटी द्यावी, आणि पगारी द्यावी. नाहीतर तो आजार लपवून कामावर येईल.

तेल, रंग आणि कागद यांबाबत नियम अलीकडे कडक झाले. तळणाचे तेल पुन्हा पुन्हा तापवून त्यातील 'पोलर' घटक २५ टक्क्यांच्या वर गेले तर ते वापरता येत नाही. हा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. वडा किंवा भजी वर्तमानपत्रात बांधून देणे २०१९ पासून नियमबाह्य आहे. कबाब आणि तंदुरीचा लालभडक रंग हा तर आपल्या गल्लीतला प्रश्न. जून २०२४ मध्ये शेजारच्या कर्नाटकाने कबाबमधील कृत्रिम रंगावर बंदी घातली. तेथे तपासलेल्या ३९ नमुन्यांपैकी ८ असुरक्षित निघाले होते. आपल्याकडे असे काही नाही, असे समजू नये. शिजवलेल्या मांसात कृत्रिम रंगाला केंद्रीय नियमांतच परवानगी नाही. काश्मिरी मिरचीने येतो तेवढा रंग पुरेसा आहे.

दारावरच्या 'हलाल' पाटीने अधिकाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. मांस कोणत्या परवानाधारक दुकानातून आले, त्याचे बिल कोठे, कच्चे आणि शिजलेले वेगळे ठेवता का, हे ते विचारणार. कुरआनात 'हलाल'बरोबर 'तय्यब' हा शब्द येतो, त्याचा आपल्या भटारखान्यात आपण कितीसा विचार करतो? बाजाराची तपासणीही आपल्याला परकी नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला माल बाहेर काढला आणि विक्रेत्याला जाब विचारला, ही हदीस सर्वांना ठाऊक आहे. पुढे मुस्लिम राज्यांत 'मुहतसिब' हा अधिकारी वजने-मापे आणि भटारखाने पाहत असे.

नमुना घेतला तर

अधिकाऱ्याला दुकानात येण्याचा, तपासण्याचा आणि नमुना घेण्याचा अधिकार कायद्याने आहे. त्याला अडवू नये. ओळखपत्र मात्र नम्रपणे पाहून घ्यावे. नमुन्याची किंमत दुकानदाराला मिळते, ती नाकारू नये. तेथेच लेखी नोटीस मिळते. नमुन्याचे चार भाग होतात आणि ते सीलबंद होतात. त्यांपैकी एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात. चौथा भाग दुकानदाराने मागणी केल्यास मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. ही मागणी त्याच वेळी, लेखी करावी. बहुतेक जण येथेच चुकतात. घाबरून कोठेही सही करतात आणि चौथ्या भागाचा हक्क सोडून देतात. दोन्ही अहवाल वेगळे आले तर नमुना रेफरल प्रयोगशाळेत जातो व तिचा निर्णय अंतिम असतो. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. अहवाल विरुद्ध आला तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते.

समजा, मिरज स्टेशनजवळच्या एका खानावळीतील पनीर कमी दर्जाचे निघाले. पनीर खानावळवाल्याने बनवलेले नाही, दुधाच्या गाडीवाल्याकडून घेतले. पण बिल नाही. मग कायद्याच्या नजरेत विकणारा कोण? खानावळवालाच. कमी दर्जाच्या अन्नासाठी दंड ५ लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. तेच बिल असते, त्यावर पुरवठादाराचा १४ आकडी क्रमांक असता, तर योग्य ती काळजी घेतल्याचा बचाव त्याला मांडता आला असता. दोन रुपये स्वस्त मिळते म्हणून बिनबिलाचा खवा, पनीर, तूप घेणारे बंधू ही जोखीम दररोज डोक्यावर घेतात.

नोटीस म्हणजे टाळे नव्हे

स्वच्छतेत उणिवा दिसल्या तर कलम ३२ खाली सुधारणा नोटीस येते. तीत काय चुकले, का चुकले आणि काय करायचे हे लिहिलेले असते व किमान १४ दिवसांची मुदत असते. या दिवसांत काम करावे, फोटो काढावेत, पावत्या जोडून लेखी उत्तर द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. उत्तरच दिले नाही तर परवाना निलंबित होतो, नंतर रद्दही. या कारवाईविरुद्ध अन्न सुरक्षा आयुक्तांकडे अपील आहे. त्यासाठी १५ दिवस असतात, आणि नोटिशीतील मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेच. अस्वच्छ जागेत अन्न तयार केल्यास १ लाखापर्यंत दंड आहे. असुरक्षित अन्नाने माणूस दगावला तर किमान ७ वर्षे कैद आणि किमान १० लाख दंड, तेथे कोणाची गय नाही.

अधिकारीही कायद्याच्या वर नाही. विनाकारण, त्रास देण्यासाठी माल जप्त केला तर त्याला १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. खोटी तक्रार करणाऱ्यालाही ५० हजारांपासून १ लाखापर्यंत दंड आहे, म्हणून रागाच्या भरात अर्ज लिहू नये. कोणी पैसे मागितले, साहेबांच्या नावाने मध्यस्थाने मागितले तरी, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे. महिन्याच्या हप्त्याने फ्रीज दुरुस्त होत नाही, टाकी धुतली जात नाही, आणि पुढच्या वर्षी अधिकारी बदलला की सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

एक जाड फाइल घ्यावी. तीत नोंदणी किंवा परवान्याची प्रत, पाण्याचा अहवाल, कामगारांचे वैद्यकीय दाखले, कीटकनाशक फवारणीची पावती, मालाची बिले तारखेप्रमाणे आणि तापमानाची वही ठेवावी. फाइल गल्ल्याजवळ असावी, घरच्या कपाटात नव्हे. मालक नमाजला किंवा बाजारात गेला असेल तेव्हाच साहेब येतात, असा बहुतेकांचा अनुभव आहे. तेव्हा ती कोठे आहे हे वस्तादाला आणि गल्ल्यावरच्या मुलालाही माहीत असावे.